तोरणमाळचा गोरखनाथ, धुळ्याची दप्तरे आणि शुद्ध पाठाचा शोध

१/२२
सातपुड्याच्या माथ्यावर, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून अधिक उंचीवर तोरणमाळ वसले आहे. सातपायरी घाटाची वळणे चढून वर आले की यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरखनाथाचे मंदिर लागते. मच्छिंद्रनाथाची गुहा आणि नागार्जुनाचे स्थानही याच परिसरात आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. या यात्रेत गोरखनाथाचे चमत्कार, त्याचे गुरूशी झालेले संवाद, त्याची वचने तोंडोतोंडी ऐकू येतात. या साऱ्यातले गोरखनाथाचे स्वतःचे शब्द कोणते, हा प्रश्न मात्र यात्रेत कोणाला पडत नाही, आणि पडण्याचे कारणही नाही. तो प्रश्न एका वेगळ्याच शास्त्राचा आहे. त्या शास्त्राची आणि त्यात खानदेशाने केलेल्या कामाची ही हकिगत.

२/२२
गोरखनाथाच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मराठी वाङ्मयात त्याचा भक्कम उल्लेख येतो तो ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस. तेथे ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ. सप्तशृंगीवर चौरंगीला मत्स्येंद्राच्या भेटीने अवयव परत मिळाल्याची कथाही तेथेच येते, आणि सप्तशृंगी खानदेशापासून दूर नाही. पण हे सारे निवेदन मोजक्या ओव्यांत आटोपते. त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी, १८१९ मध्ये, धुंडिसुत मालूने ‘नवनाथ भक्तिसार’ पूर्ण केला. त्याचे अध्याय ४०. मोजक्या ओव्यांपासून चाळीस अध्यायांपर्यंतचा हा विस्तार लोकस्मृतीने केलेला आहे.

३/२२
खुद्द गोरखनाथाच्या नावावरील हिंदी रचनांचे काय, हा प्रश्न गढवालचे विद्वान पीतांबरदत्त बडथ्वाल (१९०१–१९४४) यांनी हाती घेतला. जागोजागच्या पोथ्या मिळवून त्यांनी गोरखाच्या नावावर चालणाऱ्या ४० रचनांची यादी केली. पोथ्या एकमेकींशी ताडून पाहिल्यावर त्यांतल्या १४ रचनाच त्यांना निःसंशय प्राचीन वाटल्या, आणि त्यांतही ‘सबदी’ सर्वांत विश्वसनीय. १९४२ मध्ये प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाने त्यांची ‘गोरखबानी’ प्रसिद्ध केली. त्यांच्या हाती आलेल्या पोथ्या सतराव्या शतकाच्या फारशा मागे जात नव्हत्या. म्हणजे गोरखनाथ आणि त्याची सर्वांत जुनी पोथी यांच्यामध्येही काही शतकांचे अंतर होते.

४/२२
बडथ्वालांनी केलेल्या कामाला पाठचिकित्सा म्हणतात आणि त्यातून सिद्ध होणाऱ्या ग्रंथाला चिकित्सित आवृत्ती. साध्या छापील ग्रंथात एकच मजकूर असतो. चिकित्सित आवृत्तीच्या पानाचे दोन भाग पडतात. वर संपादकाने स्वीकारलेला पाठ आणि खाली, बारीक टाइपात, त्याने नाकारलेले सर्व पाठभेद, कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे याच्या खुणेसह. वरवर पाहणाऱ्याला खालचा भाग अडगळीसारखा वाटतो. परंतु संपादकाने वरचा मजकूर कसा ठरवला, हे तपासायचे झाले तर वाचकाला तेथेच जावे लागते. या तळटिपा मराठी मुलखात कशा आल्या, आणि त्या नव्हत्या तेव्हा काय हरवले, हे पुढे पाहू.

५/२२
आधी पाठ बिघडतो कसा ते पाहिले पाहिजे. पोथी उतरताना लेखनिकाची नजर सतत मूळ पानावरून आपल्या पानावर आणि परत जात असते. दोन ओळींचा शेवट एकाच शब्दाने होत असेल तर परतलेली नजर पहिल्या ओळीऐवजी दुसरीवर टेकते आणि मधला मजकूर कायमचा गळतो. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘प’ आणि ‘ष’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्या झिजलेल्या शाईत सहज एकमेकींच्या जागी वाचल्या जातात. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, अशीही रीत होती. तेथे कानाची चूक होते. ह्रस्व दीर्घ होतो आणि ओळखीचा शब्द अनोळखी शब्दाची जागा घेतो.

६/२२
याहून अवघड चुका श्रद्धेपोटी होतात. जुना, दुर्बोध झालेला शब्द पाहून लेखनिकाला वाटते की मागच्या लेखनिकाने घोटाळा केला असावा, आणि तो तेथे सोपा शब्द घालतो. कोणी समासात लिहिलेली स्पष्टीकरणाची ओवी पुढच्या प्रतीत सरळ ग्रंथात शिरते. एखादा कीर्तनकार आपल्या आवडत्या प्रसंगी दोन ओव्या वाढवतो. म्हणून पाठचिकित्सेत एक नियम मानतात: दोन पाठांपैकी एक सोपा आणि दुसरा अवघड पण अर्थपूर्ण असेल, तर बहुधा अवघड पाठ जुना असतो. अवघडाचे सोपे करण्याकडे लेखनिकाचा कल असतो, मुद्दाम कठीण करण्याचे त्याला काही कारण नसते.

७/२२
मराठीतला या कामाचा पहिला मोठा पुरावा पैठणचा आहे. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत ग्रंथकाल शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, असा दिला आहे. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांत ग्रंथ असंख्य हातांतून गेला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठांतराने ग्रंथ अशुद्ध झाला होता आणि आपण तो शोधून शुद्ध केला, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी दिली. स्वतः थोर कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःची भर घालण्याचा मोह टाळला आणि इतरांनाही मनाई केली. त्या काळाचा विचार करता ही जाणीव विलक्षण म्हणावी लागेल.

८/२२
एकनाथांच्या कामाला एक मर्यादा होती आणि ती त्यांच्या काळाची होती. त्यांनी किती पोथ्या पाहिल्या, त्या कोठल्या होत्या, कोणत्या ठिकाणी कोणता शब्द टाकून कोणता घेतला, याची नोंद मागे राहिली नाही. शुद्ध प्रत उरली, नाकारलेले पाठ गेले. एकनाथांचा अधिकार इतका मोठा की पुढच्या बहुसंख्य प्रती त्यांच्याच प्रतीवरून उतरल्या गेल्या. त्यामुळे एकनाथपूर्व ज्ञानेश्वरी कशी होती, हा प्रश्न पुढील संशोधकांना जवळजवळ अंधारात चाचपडत सोडवावा लागला. त्यांचे निर्णय योग्य असतीलही, पण ते तपासण्याचे साधन त्यांच्याबरोबरच नाहीसे झाले.

९/२२
पुढे छापखाना आला. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची शिळाप्रेसवर छापलेली आवृत्ती निघाली. बाळशास्त्री जांभेकरांचे नाव तिच्याशी निगडित आहे. छपाईमुळे एक मोठा फरक पडला. हस्तलिखिताच्या प्रत्येक प्रतीत थोडा वेगळा मजकूर असे. छापील ग्रंथाच्या हजार प्रती अक्षरशः सारख्या. जो पाठ प्रथम छापला गेला तो घराघरांत पोचला, आणि त्याच्या तुलनेत वाड्यांतल्या व मठांतल्या पोथ्याच चुकीच्या वाटू लागल्या. कितीतरी घरांतून जुन्या पोथ्या रद्दीत, नदीत किंवा वाळवीच्या तोंडी गेल्या. शुद्ध पाठाचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकडीचा झाला, तो यामुळे.

१०/२२
या शोधाचे एक ठाणे तोरणमाळच्या दक्षिणेला, सातपुड्याच्या पायथ्यापलीकडे, धुळे शहरात उभे राहिले. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशाचे मुख्यालय धुळे, आणि अक्राणीचा डोंगराळ मुलूखही त्याच जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत तोरणमाळचा कारभार धुळ्याशीच जोडलेला होता. पुण्या-मुंबईपासून दूर असलेल्या या गावात दोन माणसांनी मराठी हस्तलिखितांसाठी आयुष्य वेचले. एक शंकर श्रीकृष्ण देव आणि दुसरे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. दोघांच्या पद्धती भिन्न होत्या, आणि त्या भिन्नतेतून बरेच शिकण्यासारखे आहे.

११/२२
शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) व्यवसायाने वकील. धुळ्यात १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे त्यांनी समर्थ रामदासांच्या संप्रदायाचे साहित्य गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. मठामठांतून फिरून त्यांनी बाडे, पोथ्या, पत्रे मिळवली. हा संग्रह पुढे धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात स्थिरावला. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत याच संग्रहात आहे. मठाधिपती आपली पोथी परक्याच्या हाती सहज देत नसत. देवघरातली वस्तू अभ्यासासाठी मागणे हे नाजूक काम होते. देव स्वतः निष्ठावंत समर्थभक्त असल्यामुळे बंद दारे त्यांच्यासाठी उघडली.

१२/२२
देवांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य म्हणजे १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची दासबोधाची आवृत्ती. २० दशक आणि २०० समासांच्या या ग्रंथासाठी त्यांनी आधार घेतला तो डोमगावच्या मठातील प्रतीचा. ही प्रत समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची. ग्रंथकर्त्याच्या सहवासातील लेखनिकाची प्रत मिळणे हे संपादकाचे परमभाग्य, कारण तेथे मधल्या शतकांतील लेखनिकांची साखळीच उरत नाही. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत असे भाग्य कोणाच्याच वाट्याला आले नाही. सच्चिदानंद बाबा ज्ञानदेवांचे लेखनिक झाले असे ग्रंथच सांगतो. त्यांनी लिहिलेली प्रत मात्र आज कोठेही नाही.

१३/२२
राजवाडे यांचा पिंड वेगळा. त्यांना संप्रदायाचे बंधन नव्हते आणि कोणाचा मुलाहिजाही नव्हता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला. त्यात पानिपतपूर्व दशकातील, १७५० ते १७६१ या काळातील पत्रे होती. पुढे या मालेचे २२ खंड झाले. गावोगाव पायपीट करून, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरून कागद उतरवून त्यांनी ही साधने मिळवली. तोवर मराठ्यांचा इतिहास बराचसा बखरी आणि इंग्रजांची पुस्तके यांवरून सांगितला जात असे. ज्यांनी घटना घडवल्या त्यांचीच पत्रे समोर आल्यावर तो इतिहास नव्याने लिहावा लागला.

१४/२२
खासगी पत्रांच्या संपादनात अडचणी निराळ्या असतात. तेथे मूळ कागद हाती असतो, पण तो मोडीत असतो. शब्द एकमेकांना जोडलेले, ह्रस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाही, नेहमीच्या शब्दांचे संक्षेप. मोडीचे बाळबोध करताना शब्द कोठे तोडायचा हा संपादकाचाच निर्णय असतो. त्याहून मोठा पेच तारखेचा. पुष्कळ पत्रांवर मुसलमानी महिना आणि त्याचा ‘चंद्र’, म्हणजे तिथी, तेवढी असते, साल नसते. ज्याला पत्र लिहिले त्याला साल ठाऊक होतेच! मग मजकुरातील स्वारी, मृत्यू, ग्रहण असे धागे धरून संपादक साल ठरवतो. ते एका वर्षाने चुकले तर कारण कार्याच्या नंतर जाते आणि निरपराध माणूस कटात सामील ठरतो.

१५/२२
याच राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. बीडजवळच्या पाटांगण येथे त्यांना एक पोथी मिळाली होती. तिच्यातील भाषा प्रचलित ज्ञानेश्वरीपेक्षा पुष्कळ जुनी दिसत होती. ही एकनाथपूर्व प्रत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, पोथी छापली, आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही लिहिले. मराठी भाषेच्या इतिहासाला त्या व्याकरणाने नवी दिशा दिली. एकनाथांच्या संस्करणात भाषा अर्वाचीन झाली, असे राजवाड्यांचे मत होते. वारकऱ्यांच्या नित्य पाठातील ग्रंथाविषयी असे विधान करायला धैर्य लागते. वादळ उठणे अपरिहार्य होते.

१६/२२
वादाची धूळ बसल्यावर अभ्यासकांना खरी अडचण दिसली ती तर्काची. राजवाड्यांनी पोथीचे वय मुख्यतः तिच्या भाषेवरून ठरवले. भाषा जुनी, म्हणून पोथी जुनी. मग त्या पोथीवरून ज्ञानदेवांची भाषा ठरवली. पोथी जुनी, म्हणून तिची भाषा ज्ञानदेवांची. हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांच्याच खांद्यावर उभे आहेत. शिवाय ही एकच प्रत होती. प्रत जुनी असली तरी तिच्या लेखनिकानेही चुका केल्याच असणार, आणि त्या शोधायला दुसऱ्या स्वतंत्र प्रती लागतात. शेकडो कागद ताडून पाहणारा हा कठोर इतिहासकार सर्वांत प्रिय ग्रंथाच्या बाबतीत एका पोथीवर विसंबला. तरीही त्यांनी ती पोथी जशीच्या तशी छापली, म्हणूनच पुढच्यांना त्यांचा निष्कर्ष तपासता आला.

१७/२२
अनेक प्रतींवरून एक पाठ सिद्ध करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग पुण्यात झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू केले. १९२५ मध्ये त्याची सूत्रे विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे आली. ते केंब्रिजमध्ये गणित शिकलेले, बर्लिनमध्ये भाषाशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून दक्षिणेच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या पोथ्या मिळवल्या गेल्या. एकूण १२५९ हस्तलिखितांचा उपयोग झाला. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. २१ जानेवारी १९४३ रोजी सुखठणकर निवर्तले आणि काम इतरांनी पुढे नेले. १९६६ मध्ये ते संपले, सुरुवातीपासून ४७ वर्षांनी.

१८/२२
त्यांच्या पद्धतीचा गाभा साधा आहे. पोथ्यांची संख्या मोजायची नाही, त्यांची नाती शोधायची. एकाच चुकीची पुनरावृत्ती शंभर पोथ्यांत असेल तर त्या बहुधा एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या आहेत, म्हणून त्यांचा साक्षीदार एकच धरायचा. उलट काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी, ज्यांचा परस्परांशी संबंध आल्याचे दिसत नाही, एका शब्दावर जुळतात तेव्हा त्या साक्षीचे मोल फार मोठे. नंदुरबारचा एक आणि कोल्हापूरचा एक, कधी न भेटलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले तर न्यायाधीश जसा कान टवकारतो, तसाच संपादकही. बहुमताने पाठ ठरत नाही, हा या शास्त्राचा पहिला धडा.

१९/२२
या पद्धतीची कसोटी लागली ती गणपतीच्या कथेत. व्यासांनी सांगितले आणि गणेशाने लिहिले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. पोथ्या ताडून पाहता महत्त्वाच्या जुन्या शाखांत ती आढळली नाही. संपादन चालले होते पुण्यात, सार्वजनिक गणेशोत्सवाच्या गावात. तरी सुखठणकरांनी ती मुख्य संहितेतून काढली आणि पुराव्याने जे ठरले ते छापले. ती त्यांनी नष्टही केली नाही. परिशिष्टात ती संपूर्ण दिली आहे, कोणत्या पोथ्यांत ती येते याच्या तपशिलासह. ज्याला त्यांचा निर्णय अमान्य आहे त्याला विरोधाचा सारा पुरावा त्याच ग्रंथात मिळतो.

२०/२२
या आवृत्तीत आणखी एक खूण आहे. जेथे पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा पडतो, तेथे संपादक एक शब्द निवडतो, पण त्याखाली एक नागमोडी रेघ ओढतो. अर्थ असा, की येथे आमची खात्री नाही. जाडजूड पांडित्याच्या पानापानावर ही बारीक रेघ दिसते. एकनाथांच्या शुद्धतेत आणि राजवाड्यांच्या ठाम निष्कर्षात नेमकी हीच रेघ नव्हती. एकनाथांच्या काळी तशी प्रथा नव्हती, राजवाड्यांच्या स्वभावात ती बसत नव्हती. संपादकाची विद्वत्ता त्याने कोणते पाठ निवडले यावरून कळते. त्याचा प्रामाणिकपणा या रेघेवरून आणि खालच्या तळटिपांवरून कळतो.

२१/२२
ज्ञानेश्वरीचा शोधही थांबला नाही. १९६० मध्ये शासनाने राजवाडे यांच्या प्रतीवर आधारलेली आवृत्ती काढली. १९९४ मध्ये अरविंद मंगरूळकर आणि विनायक मोरेश्वर केळकर यांनी संपादित केलेली ‘ज्ञानदेवी’ तीन खंडांत आली. धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाड्यांचे निधन झाले, आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांचे दप्तर जपण्यासाठी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. याच मंडळाने पुढे राजवाड्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत, मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली, प्रसिद्ध केले. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद संपादणाऱ्याचे कागद इतरांनी संपादले. राजवाड्यांची मते आता त्यांच्याच कागदांवरून तपासता येतात.

२२/२२
आणि तोरणमाळ? तेथील भिल्ल आणि पावरा वस्त्यांत कथा व गीते आहेत, पण पोथी नाही. उत्तर गुजरातेत भगवानदास पटेल यांनी डुंगरी भिल्लांचे ‘भारथ’ गायकांकडून ऐकून लिहून काढले. अशा वाङ्मयात मूळ प्रत शोधणे निरर्थक, कारण प्रत्येक गायन हीच एक प्रत. तरी संपादकाचा धर्म बदलत नाही: कोणी गायले, कोठे, केव्हा, कोणत्या बोलीत, हे नोंदवावे. दोन गायकांच्या कथनांचे तुकडे जोडून तिसरेच ‘शुद्ध’ कथन तयार करू नये. ऐकू न आलेला शब्द कल्पनेने भरू नये. पोथी जळाली तरी तिची दुसरी प्रत कोठेतरी सापडू शकते. शेवटचा गायक गेला की उरते ती नोंद, आणि तीत खाडाखोड झाली असेल तर ताडून पाहायला दुसरे काही नसते. सीताखाईच्या काठी आजही कोणी वृद्ध रामकथा आपल्या बोलीत सांगत असेल, तर ती लिहून घेणाऱ्याच्या वहीत कथेच्या आधी त्याचे नाव आणि तारीख यावी.